हरवलेले चार इंच

१

कोसमटोल्याच्या मिडल शाळेतलं विज्ञानाचं टेबल एकाएकी चार इंचांनी वाढलं, आणि सातवीचा अख्खा वर्ग पोट धरून हसला.

"गुर्जी, लाकूड अजून जित्तं असन!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

केवळराम मास्तरांना हसू आलं नाही. ते टेबल त्यांनी स्वतः उभं राहून सुताराकडून करून घेतलं होतं. लांबी बरोबर सहा फूट. दिवाळीनंतर शाळेच्या याच कापडी टेपनं पोरांकडून मोजून घेतलं तेव्हाही सहाच फूट भरलं होतं. आज सहा फूट चार इंच.

त्यांनी पोरांना बाहेर खेळायला सोडलं आणि दार ओढून घेतलं. लाकडी फूटपट्टी घेऊन टेबल मोजलं. सहा फूट. मग पट्टी टेपच्या मधल्या भागावर ठेवून पाहिली. इंचाला इंच जुळत होता. कापड ताणलं गेलेलं नव्हतं. म्हणजे खोट मध्ये नव्हती, टोकाला होती.

टेपच्या टोकाला पितळी कडी होती आणि कापड फाटू नये म्हणून तीन बोटं रुंदीचं चामडं शिवलेलं होतं. त्या चामड्यातून पहिला आकडा बाहेर डोकवायचा तो तीनचा. आता तिथं सात होता. टेप जुनी, मळकी. चामडं घामानं काळं पडलेलं. पण त्यावरचे टाके मात्र पांढरेशुभ्र होते. कोणीतरी टेपचे पहिले चार इंच कापून टाकले होते आणि तेच चामडं, तीच कडी पुढं सरकवून पुन्हा शिवली होती.

दरवर्षी जूनमध्ये विज्ञानाचा पहिला धडा मास्तर एकाच वाक्यानं सुरू करत. मोजायच्या आधी मोजणाऱ्या वस्तूचं शून्य तपासा. झिजलेल्या टोकाची पट्टी पोरांपुढं धरून ते सांगत, की शून्य हललेलं असलं तर पुढचे सगळे आकडे बरोबर दिसतात आणि सगळे खोटे असतात.

मास्तर खुर्चीवर बसले. याच टेपच्या आकड्यावर पतिराम नावाचा एक माणूस भंडाऱ्याच्या जेलात बसलेला होता, आणि तो आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.

२

प्रकार असा घडला होता. ते पंचावन्न साल. सालेकशाच्या अंगाला सरकारी जंगलात एक मोठा साग चोरून तोडलेला सापडला. झाड गायब, खुंट तेवढा उरलेला. जंगल खात्याचा नाकेदार भैय्यालाल गावोगाव शोधत फिरला तेव्हा कोसमटोल्याच्या गोंडपुऱ्यात पतिरामच्या अंगणात सागाचं एक गोल लाकूड पडलेलं दिसलं. पतिराम म्हणाला, की माझ्याच बांधावरचा वाळलेला साग आहे, घराच्या तुळईसाठी पाडला, खुंट खणून काढून तिथं तूर पेरली. शेजारीपाजारी तेच म्हणाले. पण ते सगळे त्याचे सोयरे, त्यांचं कोण ऐकणार?

रेंजर साहेब शिकलेले, नव्या दमाचे. ते म्हणाले, खुंटाचा घेर मोजा, लाकडाच्या बुंध्याचा घेर मोजा, जुळले तर लाकूड तिथलंच. आणि मोजणी शाळेच्या विज्ञान शिक्षकाकडून करून घ्या, म्हणजे कोर्टात प्रश्न उरणार नाही.

केवळरामांची छाती तेव्हा जरा फुगलीच होती.

संध्याकाळी जंगलात जाऊन त्यांनी खुंट मोजला. पाच फूट दोन इंच. अंधार पडायला आला आणि जनावरांची भीती, म्हणून सगळे जंगल नाक्यावरच मुक्कामाला राहिले. नाकेदार भैय्यालाल, लाकडाचा ठेकेदार गुलाबचंद, शाळेचे हेडमास्तर उदाराम बिसेन आणि ते स्वतः. गुलाबचंद आणि हेडमास्तर पंच म्हणून आले होते. टेपची थैली ओसरीच्या खुंटीला होती. सकाळी पतिरामच्या अंगणात लाकूड मोजलं. पाच फूट दोन इंच. दोन्हीकडे साल शाबूत, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

"गुर्जी, एकडाव अजून मोजा ना जी," पतिराम म्हणाला होता. त्याचे हात भैय्यालालनं धरलेले होते.

"माप खोटं बोलत नाही," केवळराम म्हणाले होते, आणि टेप गुंडाळून घेतली होती. त्यांना भूक लागली होती.

आता ते वाक्य आठवलं की त्यांना घास गिळवत नव्हता.

पण टेप कापली कधी? मोजणीच्या आधी, की नंतर कोण्या पोरानं खोडी केली म्हणून? दोन्ही मोजण्या कापलेल्या टेपनं झाल्या असतील, तर चूक दोन्हीकडे सारखीच आणि जुळणी खरीच. तसं असेल तर पतिराम चोर. तसं असावं असं मास्तरांना मनातून वाटलंही, आणि आपल्याला तसं वाटतंय हे कळल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली.

रविवारी ते एकटेच जंगलात गेले. त्याच खुंटाला, त्याच खुणेवर, तीच कापलेली टेप लावली. पाच फूट सहा इंच. मागच्यापेक्षा चार इंच जास्त. म्हणजे त्या संध्याकाळी टेप धड होती.

तिथून ते थेट पतिरामच्या अंगणात गेले. लाकूड जडशीळ म्हणून जंगल खात्यानं शिक्का मारून तिथंच ठेवलं होतं. टेप लावली. पाच फूट दोन इंच. मागच्याइतकंच. म्हणजे त्या सकाळी टेप कापलेलीच होती.

मास्तर लाकडावरच बसले. लाकडाचा खरा घेर चार फूट दहा इंच. ते त्या खुंटाचं कधीच नव्हतं. टेपला कात्री लागली ती संध्याकाळ आणि सकाळ यांच्या मधल्या रात्री, नाक्यावर. आणि नाक्यावर त्यांच्याखेरीज तीनच माणसं होती.

३

"हमने क्या किया, मास्तरजी?" भैय्यालाल नाक्याच्या ओसरीवर उभा राहून म्हणाला. उंच, दणकट माणूस. गावातली माणसं त्याची सायकल दिसली की वाट बदलत. "चोर पकडला, बस."

"अंगणात टेपची कडी कोणी धरली होती?"

"मी. जंगलातही मीच."

केवळरामांची नजर ओसरीच्या कोपऱ्यात गेली. तिथं पट्टे आणि बूट शिवायचं सामान पडलं होतं. आरी, मेण लावलेला पांढरा दोरा.

"हा दोरा कोणाचा?"

"माझाच. का बरं?"

दोरा याचा, कडी याच्या हातात, आरोपीही यानंच पकडलेला. सगळं कसं एका माणसावर येऊन ठेपत होतं. पंधरा दिवसांपूर्वीही सगळं असंच एका माणसावर येऊन ठेपलं होतं. त्यांनी स्वतःला आवरलं. दोरा उघड्यावर होता. त्या रात्री तो तिघांपैकी कोणीही उचलू शकला असता.

"भैय्यालाल, कडी धरली तेव्हा आकडा बघितला नाही?"

"कैसे देखता? चामड्यावर पूर्ण अंगठा दाबून धरला होता. चामडं सुटून राहिलं, दाबून धर म्हणाले ना."

"कोण म्हणालं?"

भैय्यालालनं डोकं खाजवलं. "अंगणात गर्दी थी, मास्तरजी. मागून कोणीतरी बोललं. गुलाबचंद सेठ असतील, नाही तर तुमचे बडे मास्तर. आता याद नहीं."

४

गुलाबचंदचा लाकडाचा डेपो सालेकशाच्या स्टेशनाजवळ होता. सरकारी जंगलाला लागूनच त्याचा ठेका होता, त्यामुळे चोरलेलं झाड आपल्या मालात मिसळून टाकणं त्याला सगळ्यांत सोपं. केवळराम हे डोक्यात धरूनच गेले होते. विषय कसा काढावा हे सुचेना, म्हणून त्यांनी आभारापासून सुरुवात केली.

"सेठजी, आमच्या विज्ञानाच्या खोलीला तुम्ही सागाची तुळई दान दिली. मुलांच्या वतीनं..."

"कौनसी तुळई?"

"नव्या खोलीची. हेडमास्तरसाहेबांनी सांगितलं."

गुलाबचंद हातातला विडा तसाच धरून बघत राहिला. मग हसला. "अरे मास्तरजी, मैं धंदेवाला आदमी. शाळेला लाकूड दान दिलं असतं तर वर माझं नाव नसतं लिहिलं? मैंने आपको एक डंडा भी नहीं दिया."

परतीच्या वाटेवर केवळराम सायकल हातात धरून चालत आले.

विज्ञानाची ती खोली त्यांच्याच हट्टानं झाली होती. तीन वर्षं ते उदाराम गुरुजींच्या मागं लागले होते, की पोरांना नुसतं पाठ करायला लावून विज्ञान येत नाही, करून पाहायला जागा हवी. भिंती गावानं श्रमदानानं उभ्या केल्या. कौलं आली. तुळईसाठी जंगल खात्याकडे अर्जावर अर्ज गेले आणि उत्तर एकाचंही आलं नाही. मग दिवाळीच्या सुमारास एके दिवशी अचानक तुळई चढलेली दिसली. लांब, सरळ, उंची सागाची.

आणि उदाराम बिसेन हे नुसते त्यांचे हेडमास्तर नव्हते. केवळरामांना बाराखडी त्यांनीच शिकवली होती. बाप वारल्यावर शाळा सुटत होती, तेव्हा याच माणसानं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं.

नाही, असं असणार नाही, असं मास्तर स्वतःशी म्हणाले. मग त्यांना पतिरामचा चेहरा आठवला.

५

मंगली, पतिरामची बायको, ओसरीत बसून सासऱ्याला पेज पाजत होती. म्हातारा बुधराम खाटेला खिळलेला. चमचा ओठाला लागला तरी त्याचे डोळे दाराकडेच.

"मामाजीनं अन्न टाकलं," ती मास्तरांकडे न बघता म्हणाली. "दिवसभर एकच इचारतेत, पत्या आला का, पत्या आला का. तुमाले का पायजे आता? लाकूड त मोजून झालं."

केवळराम उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मंगलीबाई, एक विचारायचं होतं. मी मोजायच्या आधी हे लाकूड कोणी मोजलं होतं का?"

हा प्रश्न त्यांना वाटेत सुचला होता. टेप कोणी कापली याचा विचार करताना आजवर त्यांनी दोरा पाहिला, हात पाहिले, पण कापणाऱ्यानं चारच इंच का कापले हे पाहिलं नव्हतं. तीन नाही, पाच नाही. खुंट किती भरला ते त्या रात्री नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण लाकूड त्याच्यापेक्षा बरोबर चार इंच कमी आहे हे ठाऊक असायला लाकूड आधी मोजलेलं हवं. ज्यानं मोजलं, त्यानंच कापलं.

"नाकेदारानं मोजलं असेल?"

"त्यानं कायले मोजते? आला, शिव्या देल्ला, हातोड्यानं शिक्का ठोकला अन गेला."

"गुलाबचंद सेठ?"

"पंचनाम्याच्या आधी तो त आमच्या पुऱ्यात कधी पायच नाई ठेवला."

"मग कोणीच नाही?"

मंगलीनं चमचा वाटीत ठेवला. "मोठे मास्तर आले होते ना जी. दिवाळीच्या आधी. शाळेसाठी पायजे म्हणे. दोरी गुंडाळून मोजलं, फुटपट्टीवर धरून पाह्यलं. आमचा घरवाला नाई म्हणला, माहा घर कसा उभा करू म्हणे. मंग ते गेले."

"हे पंचनाम्याच्या वेळी का नाही सांगितलंस?"

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "मले कोनी इचारलं?"

६

उदाराम गुरुजी त्यांना विज्ञानाच्या खोलीतच भेटले. शाळा सुटली होती. उतरत्या उन्हात ते एकटेच पोरांनी वेडीवाकडी ठेवलेली बाकं सरळ करत होते. केवळरामांनी टेप टेबलावर ठेवली आणि चामड्याचं टोक त्यांच्यापुढं केलं.

गुरुजी बाकावर बसले.

"टाके नीट नाही जमले," ते म्हणाले. "कंदिलाच्या उजेडात दिसत नव्हतं. नाकेदार घोरत होता, तू शेजारीच होतास. एकदा कूस वळलास तेव्हा वाटलं, आता उठशील. उठला असतास तर बरं झालं असतं."

"गुर्जी, का?"

"तीन वर्षं अर्ज केले, केवळ. पावसाळा तोंडावर आला की भिंती धुपायच्या. पतिरामकडे गेलो, तो नाही म्हणाला. त्याचंही बरोबर. मग झाड पाडायला पलीकडच्या जिल्ह्यातले आरेवाले बोलावले, परवानगी आहे म्हणून सांगितलं. जंगलात हजार झाडं आहेत, एक शाळेला लागलं तर काय बिघडलं, असं वाटलं." त्यांनी वर तुळईकडे पाहिलं. "पतिराम यात अडकेल असं माझ्या मनातही नव्हतं. पण त्या संध्याकाळी खुंट पाच फूट दोन इंच भरला आणि मला कळलं, की सकाळी लाकूड जुळणार नाही. पतिराम सुटेल, रेंजर पुढं शोधत येईल, आणि मान वर केली की त्याला हे दिसेल. त्या रात्री मला दुसरं काही सुचलं नाही. तुझा तो शून्याचा धडा सुचला. दरवर्षी मागच्या बाकावर बसून ऐकतो मी."

केवळरामांनी टेबलाची कड घट्ट धरली. चोरलेलं झाड त्यांच्याच हट्टाची खोली तोलत होतं, कापलेल्या टेपची युक्ती त्यांच्याच धड्यातली होती, आणि खोटा आकडा उच्चारणारं तोंडही त्यांचंच. गुरुजींवर ओरडावं असं त्यांना वाटत होतं, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नव्हतं.

"मी आत्ताच्या आत्ता रेंजर साहेबांकडे जातो," ते शेवटी म्हणाले.

"मला एक दिवस दे." गुरुजी बाकावरून उठले. "फक्त उद्याचा. घरात सांगू दे. मग मी स्वतः जाऊन कबूल करतो. दुसऱ्यानं सांगितलं आणि शिपाई आले, तर पोरांसमोर नेतील मला. एवढं दे, केवळ. जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही."

हे खरं होतं. त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं.

"बरं," केवळराम म्हणाले.

७

उदाराम बिसेन शब्दाला जागले. बोलल्याप्रमाणे ते कोट घालून, सरळ चालत रेंजर साहेबांपुढं जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. केवळरामांनी टेप दिली, दोन्ही मोजण्या पुन्हा करून दाखवल्या. रेंजर साहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "मीही फक्त आकडा ऐकला," ते म्हणाले. गोंदियाच्या मॅजिस्ट्रेटपुढं कागद फिरले आणि पतिराम सुटला. गुरुजींना अटक झाली, नोकरी गेली. विज्ञानाच्या खोलीला जंगल खात्यानं सील ठोकलं.

गावात केवळरामांचं कौतुक झालं. लहान मास्तरानं स्वतःची चूक स्वतः शोधून काढली, स्वतःच्या गुरूचीही भीड धरली नाही, असं लोक म्हणू लागले. बाजारात माणसं थांबून रामराम घालत. मास्तर मान खाली घालून निघून जात.

कारण गुरुजींना दिलेला तो जो दिवस होता, त्याच दिवशी दुपारी म्हातारा बुधराम गेला होता. दाराकडे बघत. पतिराम गाडीतून उतरून घरी पोचला तेव्हा बापाला माती देऊन झाली होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध गावात कोणाला माहीत नव्हता. गुरुजी जेलात होते आणि ते बोलणार नव्हते. केवळराम गप्प राहिले असते तर ते कधीच कोणाला कळलं नसतं. त्यांनी गप्प राहून पाहिलं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. स्वतःलाच समजवायचे, की एका दिवसानं काय झालं असतं, कागद फिरायला वेळ लागतोच, पतिराम तरीही वेळेवर पोचला नसता. मग दुसरा विचार यायचा, की निदान म्हाताऱ्याला सांगता आलं असतं, तुझा पोरगा सुटला, येऊन राहिला. तेवढं ऐकून तो गेला असता.

माघी पुनवेच्या सुमाराला कचारगडच्या गोंडी जत्रेला जाणारी माणसं गावातून चालत होती. पतिराम त्यांच्यासोबत गेला नव्हता. तो अंगणात एकटाच वाकसानं लाकडाची साल काढत होता. केवळराम समोर जाऊन उभे राहिले.

"पतिराम, माझी चूक झाली."

"होय." त्यानं हात थांबवला नाही. "मी सांगलो होतो, एकडाव अजून मोजा म्हून."

"ती चूक तर झालीच. अजून एक आहे. ती कोणाला ठाऊक नाही." मास्तरांनी सगळं सांगितलं. गुरुजी काय म्हणाले, आपण बरं म्हणालो, आणि तो कोणता दिवस होता. बोलताना ते लाकडाकडे बघत होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी मोठ्या कष्टानं पतिरामकडे पाहिलं.

पतिरामनं वाकस खाली ठेवला. त्याच्या जबड्याचं हाड वरखाली झालं. हा आता आपल्याला मारणार असं केवळरामांना वाटलं, आणि मारलं तर बरं, असंही वाटलं.

"हे मले काऊन सांगून राहिले?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुमचं मन हलकं व्हावं म्हून?"

त्यातही थोडं खरं होतं.

"मी त तेव्हा जेलात होतो," पतिराम म्हणाला. "मी काई पाह्यलो नाई. बाच्या उशाशी ती होती. पानी पाजली ती, डोळे झाकली ती." त्यानं घराच्या मागच्या बाजूला मानेनं खूण केली. तिथून मुसळाचे ठोके ऐकू येत होते. "जा. तिले सांगा."

आणि वाकस उचलून तो पुन्हा साल काढायला लागला.

केवळरामांनी अंगणाच्या कडेला चपला काढल्या आणि घराला वळसा घालून मंगली कांडत होती तिकडे गेले. त्यांना पाहून तिचा मुसळाचा हात वरच्या वर थांबला.